मत्सर, हेवा आणि असूया : एक चिंतन



पूजा-अभिषेकाच्या वेळा, भक्तनिवासातील सोय, महाप्रसाद आणि देणगीविषयक सूचना आपणांस या पुस्तिकेत अन्यत्र मिळतीलच. विश्वस्त मंडळाच्या इच्छेनुसार दोन-चार पाने चिंतनासाठी राखून ठेवण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. या वेळचा विषय मात्र गाभाऱ्यात नव्हे, तर कार्यालयात देणगी-पावतीच्या खिडकीपाशी बसून सुचलेला आहे.

आपल्या सभामंडपाच्या भिंतीवर देणगीदारांच्या नावांचे संगमरवरी फलक आहेत, ते आपण पाहिलेच असतील. काही वर्षांपूर्वी एक सद्गृहस्थ हातात पावती घेऊन कार्यालयात आले. "माझे नाव माझ्या चुलतभावाच्या नावाखाली का कोरले?" अशी त्यांची विचारणा होती. फलकावरील नावे रकमेप्रमाणे नव्हे, तर देणगी जमा झाल्याच्या तारखेप्रमाणे कोरली जातात, हे मी त्यांना नोंदवही उघडून दाखविले. ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, एक वेळ माझे नाव नसले तरी चालेल, पण त्याचे वर नको."

त्यांना हसण्याचा अधिकार मला नाही. तो का नाही, हे पुढे सांगणारच आहे. परंतु त्या एका वाक्याने मला विचार करावयास लावले. स्वतःचे नाव पुसले गेले तरी चालेल, दुसऱ्याचे मात्र वर नको! माणसाला स्वतःच्या लाभापेक्षाही दुसऱ्याची हानी प्रिय वाटावी, ही मनाची अवस्था तरी कोणती? तिला आपल्या भाषेत एक नाव आहे की अनेक? आणि अनेक असतील, तर ती सारी एकाच अर्थाची आहेत का?

शब्दांची कुळी

आपल्या परंपरेने माणसाचे सहा शत्रू सांगितले : काम, क्रोध, लोभ, मोह, मद आणि मत्सर. यांत मत्सराचे स्थान शेवटचे. इतर शत्रू निदान क्षणभर तरी सुख देतात. लोभ्याला धन मोजण्याचे सुख आहे, मदांधाला आपल्या मोठेपणाचे आहे; क्रोधालाही मोकळे झाल्याचे समाधान आहे. मत्सर मात्र पहिल्या क्षणापासून पोळतो. विदुरनीतीत नित्य दुःखी असणाऱ्या सहा प्रकारच्या माणसांची गणना केली आहे, त्यांत पहिलाच उल्लेख ईर्ष्या करणाऱ्याचा आहे. ते दुःख नित्य का? कारण जगात कोणाचे ना कोणाचे बरे होतच असते.

'मत्सर' या शब्दाचा प्रवासही मनोरंजक आहे. ऋग्वेदात हा शब्द सोमरसाच्या वर्णनात येतो आणि तेथे त्याचा अर्थ 'उल्हसित करणारा, धुंदी आणणारा' असा आहे. ज्या 'मद्' धातूपासून 'मद' आला, त्याच्याशीच 'मत्सरा'चेही नाते जोडले जाते. म्हणजे षड्रिपूंतील शेवटचे दोघे एकाच घरचे. आपल्याजवळ आहे याची धुंदी तो मद. दुसऱ्याजवळ आहे याने चढणारी धुंदी तो मत्सर. धुंदीत डोळ्यांना सरळ दिसत नाही, हे दोन्हींचे समान लक्षण होय.

'हेवा' हा शब्द त्या मानाने सौम्य आहे. संस्कृतात 'हेवाक' म्हणजे उत्कट इच्छा. हेव्याच्या मुळाशी अशी इच्छाच असते. 'त्याच्यापाशी आहे, तसे माझ्यापाशीही असावे' एवढेच हेव्याचे म्हणणे. म्हणूनच आपण 'हेवा वाटावा असा संसार' असे कौतुकाने म्हणतो; 'मत्सर वाटावा असा संसार' असे कोणी म्हणत नाही. भाषा वापरणाऱ्या साध्या माणसांनी हा भेद कोणत्याही पंडिताला न विचारता पाळलेला आहे.

'ईर्षा' या शब्दाने तर मराठीत वेगळीच वाट धरली. अमरकोशात ईर्ष्या म्हणजे अक्षान्ती, अर्थात सहन न होणे. पण मराठीत 'तो ईर्षेने पेटला आणि पहिला आला' असेही आपण म्हणतो. येथे दुसऱ्याची उंची सहन न झाल्याने माणूस त्याला खाली ओढत नाही, स्वतः चढतो. कुस्तीच्या फडात आणि भजनाच्या बारीत जी चुरस असते, ती या जातीची. तिने दोघांचेही भले होते.

खेड्यापाड्यांतील बोलीने या भावनेला शरीरात जागा दिली. दुसऱ्याचे बरे झाले की कोणाच्या पोटात दुखते, कोणाच्या डोळ्यांत सलते, कोणी जळफळतो, कोणी नाक मुरडतो. लेकराला दृष्ट लागू नये म्हणून आई मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकते. दृष्ट खरोखर लागते की नाही, हा वाद येथे नको. दुसऱ्याच्या सुखाकडे वाईट नजरेने पाहणारे डोळे असतात, आणि ते बहुधा दूरचे नसून शेजारचेच असतात, एवढे त्या माउलीने ओळखलेले असते. 'भाऊबंदकी' हा शब्द तेच सांगतो. मुंबईच्या कोट्यधीशाचा मत्सर आपल्या गावात कोणी करीत नाही. तो होतो बांधाला बांध असलेल्या चुलतभावाचा. ज्याच्याशी आपली बरोबरी होऊ शकते, तोच पुढे गेला की सलतो.

'सवतीमत्सर' या जोडशब्दाविषयीही एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. एका पुरुषाने दोन संसार मांडावेत आणि त्यातून उठणाऱ्या आगीचे नाव मात्र दोघी बायकांच्या माथी मारावे, हा भाषेने केलेला अन्याय आहे. मत्सर कोठे दिसतो एवढेच न पाहता तो निर्माण करणारी रचना कोणाची, हेही विचारले पाहिजे.

असूया : सर्वांत सभ्य शत्रू

या साऱ्या शब्दांत मला सर्वांत भय वाटते ते 'असूये'चे. अमरकोशकारांनी तिची व्याख्या मोजक्या शब्दांत केली आहे : जेथे गुण आहेत तेथेही दोषांचा आरोप करणे म्हणजे असूया. हेवा कबूल करता येतो. मत्सर निदान स्वतःला तरी कळतो. असूया मात्र न्यायाधीशाचा झगा घालून येते. ती आपणांस जळत आहोत असे वाटूच देत नाही, आपण सत्य बोलत आहोत असे वाटावयास लावते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. पदवीला संस्कृत विषय असल्याने व्याख्या पाठ होती, परंतु पाठ असणे वेगळे आणि अंगावर येणे वेगळे.

माझा एक वर्गमित्र. शाळेत मी त्याच्या पुढे असे. त्याची गणिते मी सोडवून देत असे. मी पदवीधर होऊन कारकुनीस लागलो, तो शहरात जाऊन एका लहानशा कारखान्यात कामाला राहिला आणि पुढे त्याने स्वतःचा कारखाना काढला. आपल्या अन्नछत्राच्या छपराचे काम निघाले, त्या वर्षी त्याने मोठी रक्कम दिली. विश्वस्तांनी मला आभारपत्र लिहिण्यास सांगितले. ते पत्र आठ दिवस माझ्या टेबलाच्या खणात पडून राहिले. रोज काही ना काही अधिक निकडीचे काम निघत होते, असे मी स्वतःस सांगत होतो. त्याच आठवड्यात चहाच्या वेळी एका सहकाऱ्यापाशी मी सहज बोलून गेलो, "एवढा पैसा सरळ मार्गाने येतो होय?"

माझ्यापाशी तसे म्हणावयास तिळमात्र आधार नव्हता.

महाभारतातील एक तपशील पुष्कळांच्या ध्यानात नसतो. युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञात देशोदेशींच्या राजांनी आणलेल्या भेटी स्वीकारण्याचे काम दुर्योधनाकडे सोपविले होते. त्याच्या हातांतून ती संपत्ती गेली. हस्तिनापुरी त्याला काय कमी होते? धृतराष्ट्रानेही त्याला तेच विचारले. पण त्याला स्वतःचे दिसेना, फक्त मोजलेले परके दिसे. मयसभेत तो फसला आणि पाण्यात पडला, हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे; परंतु त्या भेटी मोजताना तो अगोदरच बुडाला होता, असे मला वाटते. पावतीच्या खिडकीवर बसणाऱ्या माझ्यासारख्याने हा तपशील विसरता कामा नये.

त्या सायंकाळी शेजारतीच्या वेळी मला ती अमरकोशातील व्याख्या आठवली आणि लाज वाटली. रात्रीच बसून पत्र पूर्ण केले. ते सोपे होते. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्यापाशी जाऊन "मी काल-परवा जे बोललो ते निराधार होते," असे सांगणे फार जड गेले. आणि खरे सांगावयाचे, तर त्याचा उपयोग अर्धाच झाला. माझे बोलणे तोवर आणखी दोन-तीन कानांपर्यंत पोहोचले होते. पुढे गावातल्या एका परिचितानेच तो संशय मला नवी बातमी म्हणून ऐकविला. पत्राचा विलंब भरून निघतो, शब्दाचा निघत नाही. म्हणून त्या सद्गृहस्थांना हसण्याचा अधिकार मला नाही. त्यांनी निदान आपल्या मनातले उघड बोलून दाखविले होते.

भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी भगवंत अर्जुनाला हे अत्यंत गुह्य ज्ञान सांगण्याचे कारण देतात, ते तो विद्वान आहे हे नव्हे. तर तो असूयारहित आहे हे. अठराव्या अध्यायाच्या शेवटीही श्रवणाच्या फळासाठी श्रद्धेच्या जोडीला असूया नसणे हीच अट सांगितली आहे. पारायणास बसणाऱ्याने हे मनावर घ्यावे. ज्याच्या मनात असूया आहे, त्याला अमृतातही खोट दिसते. दत्तभक्तांना प्रिय असलेल्या अत्रिपत्नी अनसूयामातेचे नावच मुळी 'जिच्या ठायी असूया नाही ती' असे आहे. लोकप्रिय कथेप्रमाणे तिच्या कीर्तीने तीन देवींच्या मनात मत्सर उत्पन्न झाला आणि त्यांच्या आग्रहावरून तिन्ही देव तिची परीक्षा पाहण्यास आले. तिने त्यांची बाळे करून त्यांना मांडीवर घेतले. मत्सराने पाठविलेल्या पाहुण्यांचे तिने वात्सल्याने स्वागत केले, हा त्या कथेचा गाभा होय.

प्रत्येक तक्रार म्हणजे मत्सर नव्हे

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. 'दुसऱ्याचे पाहून जळू नका' हा उपदेश ज्याचे पोट भरलेले आहे, त्याला फार सोयीचा असतो. ज्याला हक्काचे मिळाले नाही, त्याच्या रास्त संतापाला मत्सर म्हणून गप्प बसविणे हे पाप आहे, आणि धर्मस्थानांच्या हातून ते घडलेले आहे. संत चोखामेळ्यांना विठ्ठलमंदिरात प्रवेश नव्हता; त्यांची समाधी आजही महाद्वारासमोर आहे. 1930 साली नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. मे 1947 मध्ये पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केले. आत जाणाऱ्यांचा मत्सर म्हणून का कोणी बाहेर उभे होते? मुळीच नव्हे. देव सर्वांचा, मग दार काहींचेच का, हा त्यांचा प्रश्न होता.

मग न्यायाची मागणी आणि मत्सर यांत भेद कसा करावा? मला एक साधी कसोटी सुचते. मनाला विचारावे : मला मिळाले आणि त्याचेही त्याच्यापाशी राहिले, तर माझे समाधान होईल काय? उत्तर 'होय' असेल तर ती न्यायाची मागणी आहे, फार तर हेवा आहे. उत्तर 'नाही, त्याचे गेलेच पाहिजे' असे असेल, तर तो मत्सर. मंदिरप्रवेश मागणाऱ्यांनी कोणाचेही दर्शन बंद व्हावे असे मागितले नव्हते. फलकावरील नावाची तक्रार घेऊन आलेल्या गृहस्थांना मात्र दुसऱ्याचे खाली आलेले पाहावयाचे होते. दर्शनरांगेत कोणास वशिल्याने पुढे सोडले, अशी नोंद आमच्या तक्रारवहीत कधी कधी येते. तिला आम्ही मत्सर म्हणत नाही. ती विश्वस्त मंडळापुढे ठेवली जाते, आणि तसेच झाले पाहिजे.

उपाय : मुदिता

यावर उपाय काय? 'संतोष बाळगावा' असे सामान्यतः सांगितले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. कारण मत्सरी माणसाची दृष्टी स्वतःच्या ताटावर नसतेच. पतंजलींच्या योगसूत्रांत अधिक नेमका उपाय आहे. चित्त प्रसन्न राहण्यासाठी सुखी माणसांविषयी मैत्री, दुःखितांविषयी करुणा, पुण्यवंतांविषयी मुदिता म्हणजे आनंद, आणि पापी जनांविषयी उपेक्षा बाळगावी, असे ते सांगतात. टीकाकार वाचस्पति मिश्रांनी त्यात आणखी बारकावा दाखविला. सुखी माणसाशी मैत्री जोडली की ईर्ष्येचा मळ जातो. पुण्यवंताविषयी आनंद मानला की असूयेचा मळ जातो. रोग दोन, म्हणून औषधेही दोन. मित्राचे सुख आपलेच वाटते, मग सहन न होण्याचा प्रश्नच उरत नाही. आणि ज्याच्या गुणाचा आनंद मानावयाचा, त्या गुणात दोष शोधणारा डोळा आपोआप मिटतो.

हे केवळ ग्रंथातले नाही, आपल्या संतांच्या आयुष्यातले आहे. देहूच्या मंबाजी गोसावींची कथा महिपतींनी सांगितली आहे. तुकोबांची कीर्ती त्यांना सहन होत नसे, आणि तरीही ते कीर्तनास मात्र येत. एके दिवशी त्यांनी तुकोबांना काटेरी फांद्यांनी मारले. रात्री कीर्तनाला मंबाजी आले नाहीत, तेव्हा तुकोबा स्वतः त्यांच्या घरी गेले आणि मारून मारून हात दुखले असतील म्हणून त्यांचे अंग चेपू लागले. ज्याचा मत्सर होतो, त्यानेही काय करावे, याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही.

आणि ज्याच्या मनात मत्सर आहे, त्याने निराश होऊ नये, यासाठी विसोबांची कथा आहे. परंपरा सांगते, की आळंदीत ज्ञानदेवादी भावंडांना विसोबांनी फार त्रास दिला. मुक्ताबाईंना मांडे भाजावयास खापरही मिळू दिले नाही. ज्ञानदेवांनी योगाग्नीने पाठ तापविली आणि मुक्ताबाईंनी तिच्यावर मांडे भाजले. ते पाहून विसोबांना पश्चात्ताप झाला आणि त्यांनी त्या भावंडांचे उच्छिष्ट प्रसाद म्हणून खाल्ले. तेच विसोबा खेचर पुढे नामदेवांचे गुरू झाले. ज्याने खापर अडविले, त्याच्याच हातून नामदेवांचे कच्चे मडके पक्के झाले. मत्सर हा मनाचा रोग आहे, मनाचा स्वभाव नव्हे. तो बरा होतो.

एक विनंती

भाविकहो, अभिषेकाचा संकल्प सोडताना आपण गोत्र आणि कुटुंबीयांची नावे सांगता. गुरुजी ती उच्चारून आपल्या कुटुंबाचे क्षेम, आयुष्य आणि ऐश्वर्य मागतात. माझी एक नम्र सूचना आहे. त्या नावांच्या शेवटी आणखी एक नाव मनातल्या मनात घ्यावे : ज्याचे बरे झालेले आपल्या डोळ्यांत सलते, त्याचे. भाऊ असेल, जाऊ असेल, शेजारी असेल, कचेरीतला सोबती असेल. त्याच्यासाठीही तेच क्षेम, तेच आयुष्य, तेच ऐश्वर्य मागावे. त्यासाठी वेगळी पावती लागत नाही आणि त्याचे नाव कोणत्याही फलकावर कोरले जात नाही.

पहिल्या वेळी हे जमणार नाही. मी माझ्या त्या वर्गमित्राचे नाव दर गुरुवारी घेऊ लागलो, तेव्हा कित्येक आठवडे ते केवळ ओठांतून निघत असे. मन बाजूला उभे राहून पाहत असे. आता कधी कधी तेही सोबत येते. गतवर्षी तो दर्शनास आला, सर्वांबरोबर रांगेत उभा राहिला, आणि नंतर अन्नछत्रात पंगतीला बसला. मी वाढावयास होतो. त्याच्या पानात आमटी वाढताना हात थांबला नाही, एवढेच मी सांगू शकतो. आणि एवढ्यासाठीही मी श्रींचा ऋणी आहे.

आपली यात्रा सुखरूप होवो, आणि घरी परतताना मनातील एक तरी सल येथे गळून पडलेला असो, हीच श्रीचरणी प्रार्थना.